‘न सांगता गेला’: प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२५

१४ मे २०२५, बुधवार

काल दुपारी एकला दहावीचा निकाल लागला. राज्याचा ९४.१० टक्के. वस्तीत संध्याकाळपर्यंत पेढ्यांचे बॉक्स फिरत होते आणि जो तो एकच विचारत होता, “किती पडले?” आता पुढं काय, हे कुणीच विचारत नव्हतं. ते विचारायचं काम आमचं. आम्ही म्हणजे ह्या प्रकल्पातले ‘सोबती’: शाळेनंतर पोरं शिक्षणात किंवा कामात टिकेपर्यंत त्यांच्यासोबत राहणारे.

ह्या वर्षी माझ्याकडे पाच मुलं आहेत. तिघं यंदा दहावीला होती, एक मुलगी बारावी झाली, एक गेल्या वर्षी आयटीआय करून घरी बसलाय. घर म्हणजे पुण्यात पर्वतीच्या उतारावरची आणि खाली दांडेकर पुलाकडची वस्ती. नोंदवहीत खरी नावं लिहायची नाहीत असं आम्ही सगळ्या सोबत्यांनी ठरवलंय, म्हणून मुलांनाच नावं घ्यायला सांगितली. एकानं ‘पाना’ घेतलं, एकानं ‘मीटर’. बारावीवाली म्हणाली ‘घारी’. चौथ्याला काही सुचेना, तेव्हा बाकीच्यांनी त्याला ‘डबा’ करून टाकलं, कारण तो सगळ्यांचा खातो. पाचवी काहीच बोलली नाही. तिचं नाव ‘सायलेंट’ पडलं.

पानाला ५२ टक्के. सायलेंटला ६८. डबा गणित आणि विज्ञानात गेला.

माझ्याबद्दल एकदाच लिहून ठेवते. मी सोळा वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. हजेरी, गेटपास, पगारपत्रक. दर जूनला अशीच पोरं यायची, केस तेल लावून चापून बसवलेले, हातात प्लॅस्टिकची फाइल. त्यातली बरीच पहिल्या दीड महिन्यात गळायची. रजिस्टरात मी शेरा मारायची, ‘न सांगता गेला’. शेकडो वेळा लिहिलं असेल. का गेला हे विचारायला कधी फोन केला नाही. ते माझ्या कामात बसत नव्हतं.

१८ मे, रविवार

कागदांचा दिवस. प्रत्येकानं घरातली सगळी कागदं पिशवीत घालून आणायची, एवढंच सांगितलं होतं.

पाचांपैकी तिघांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. घारीच्या वडिलांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारचं आहे. पंधरा वर्षं झाली की आधारला बोटांचे ठसे आणि डोळे नव्यानं द्यावे लागतात, हे एकाच्याही घरी माहीत नव्हतं. जुन्या ठशांवर पोरं अजून पाच वर्षांची आहेत. मग बँकेत अंगठा लावला की मशीन म्हणतं, हा तू नव्हेस.

पानाच्या आईनं पिशवीच आणली नाही. “ताई, आमचं सगळं कॅनॉलनं नेलं.” २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हाची गोष्ट. पत्र्याची पेटी होती, तिच्यात रेशनकार्ड, सासऱ्यांचे कागद, लग्नाचा फोटो. पेटी दोन दिवसांनी सापडली, आत नुसता गाळ. सात वर्षांत रेशनकार्ड नवं झालं. बाकीच्याची गरज पडली नव्हती. आता पडली. पानाला आयटीआयला फिटर घ्यायचाय, जातीच्या दाखल्याशिवाय ५२ टक्क्यांना औंधला फिटर मिळणं कठीण.

घर वडार समाजाचं. आजोबांनी दगड फोडले, वडील डंपर चालवतात. विमुक्त जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राहण्याचा पुरावा लागतो. १९६१ मध्ये ह्या कुटुंबाला घरच नव्हतं. जिथं खाण, तिथं पाल.

३ जून, मंगळवार

मीटर कालपासून भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून लागला. वायरमन ट्रेड, पॅनेल बोर्डचं काम. वर्षभर मांडवांची लायटिंग करून कंटाळला होता. विद्यावेतन ७,०००. त्याच्याच चाळीतला एक जण ठेकेदाराकडं हेल्पर आहे आणि जवळजवळ दुप्पट घेतो, हे त्यानं मला तीनदा ऐकवलं. मी त्याला सांगितलं, हेल्पर पाच वर्षांनी हेल्परच असतो. बरोबर आहे ते, पण सात हजारात घर चालत नाही हेही बरोबर आहे. दुसरं मी मोठ्यानं बोलले नाही.

आणि मुहूर्त बघा. परवापासून पीएमपी बसचे दर वाढले. दिवसाचा पास ४० चा ७० झाला, महिन्याचा ९०० चा १,५००. महापालिकेच्या शाळेत होता तोवर ह्याला पास फुकट होता. पहिला पगार जुलैत येणार, पास जूनमध्ये काढायचा. ह्या एका महिन्याच्या खड्ड्यात किती पोरं पडतात हे टाइम ऑफिसच्या खिडकीतून दिसायचं नाही. तिथून दिसायचं ते एवढंच की पोरगा बुधवारी आला नाही.

पासाचे पैसे प्रकल्पातून दिले. उसने म्हणून, तीन हप्त्यांत परत. आमच्यात ह्यावरून वाद आहे. काहींचं म्हणणं, गरिबाच्या पोराकडून दीड हजार काय परत घ्यायचे? मी घेते. फुकट दिलेल्या पैशाबरोबर पोरगं मान खाली घालून फिरतं आणि मग आपल्याला टाळायला लागतं.

२१ जून, शनिवार

पालख्या मुक्कामाला शहरात. रस्ते बंद, कामं बंद. पाना आणि डबा काल दिवसभर वारकऱ्यांना पाणी वाटत होते. डब्याची पुरवणी परीक्षा मंगळवारपासून आहे. मी काही बोलले नाही. “माऊलींनी पास केलं तर बघा,” म्हणाला. माऊली गणित घेत नाहीत रे बाबा.

२६ जून, गुरुवार

पानाबरोबर त्याच्या मूळ गावी जाऊन आले, सोलापूर जिल्ह्यात. स्वारगेटहून सकाळी साडेपाचची एसटी. माझं तिकीट अर्धं, त्याचं पूर्ण. त्याला ह्याचं फार हसू आलं. “म्हणजे गरीब मी आणि सवलत तुम्हाला.”

आधी गावची शाळा. मुख्याध्यापक तरुण होते, त्यांनी स्वतः कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. पण पानाच्या वडिलांनी रात्री फोनवर सांगितलं होतं, आजोबांचा थोरला भाऊ काही दिवस जायचा म्हणतात. दोघांनी मिळून १९५८ पासूनची पानं चाळली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. नाही सापडला. हे चुलत आजोबा बहुधा शाळेच्या आवारात खेळायला जात असावेत.

मग तालुक्याच्या कचेरीत, रेकॉर्ड रूमला. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. जुनी माणसं त्याला कोतवाल बुक म्हणतात. सुरुवातीची पानं मोडीत आहेत. कुणब्यांच्या नोंदी शोधायला लागल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना बरे दिवस आलेत. कचेरीबाहेर झाडाखाली एक आजोबा भिंग घेऊन बसलेच होते. आमचं वर्ष मात्र बाळबोधीत होतं.

ह्या वहीत मुलाचं नाव नसतं. जन्माची तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, बस. ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशी पोराला नावच नव्हतं ना. कारकुनानं वही आमच्याकडे वळवून बोट ठेवलं. १९५४. पानाच्या पणजोबांचं नाव. जात, वडर. मुलगा.

पाना बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. “हे माझे आजोबा?” म्हणाला. “नुसतं ‘मुलगा’ लिहिलंय.” मग हळूच, कुणी बघत नाही असं पाहून त्यानं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

‘वडर’ आणि ‘वडार’ एकच, हे मला कळतं, दाखला देणाऱ्याला कळेल का ते बघायचं. नकलेसाठी अर्ज दिला. आठ दिवसांनी या म्हणाले. आता हा ‘मुलगा’ म्हणजेच ह्याचे आजोबा, हे दाखवायला वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. येताना एसटीत पाना माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. सोळा वर्षांचा आहे, जाग आल्यावर एकदम ताठ बसला आणि भिगवणपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

८ जुलै, मंगळवार

नक्कल आणायला पाना एकटाच गेला आणि घेऊन आला. मी मुद्दाम गेले नाही. कचेरीत पहिल्यांदा जाताना सोबत लागते, दुसऱ्यांदा एकट्यानं जावं. नकलेवर शिक्का पुसट आलाय म्हणून त्यानं तिथल्या तिथं दुसरा मारून घेतला. हे त्याला कुणी शिकवलं कुणास ठाऊक.

अर्ज सेतूत दाखल. पावती मिळाली. पावती म्हणजे दाखला नव्हे. आयटीआयचा अर्ज तूर्त खुल्या प्रवर्गातून गेलाय.

१४ जुलै, सोमवार

सकाळी भोसरीहून सुपरवायझरचा फोन. मीटर शनिवारी आला नाही, आजही नाही. फोन उचलत नाही. “मॅडम, ही पोरं अशीच. पगार झाला की पळतात.” पगार शुक्रवारी झाला होता.

हेच वाक्य मी सोळा वर्षं बोलले आहे, त्याच सुरात.

संध्याकाळी वस्तीत गेले. मीटर घरी नव्हता. त्याची आई म्हणाली, शंकराच्या देवळामागं बसतो दिवसभर, घरी कामाला गेल्याचं सांगतो. जेवणाचा डबा भरून देते ती रोज. गेले तर होता, डबा तसाच शेजारी. मी बसले. दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

मग त्यानं फोन पुढं केला. बँकेचा मेसेज. ५,५०० जमा.

“सात हजार म्हणाले होते ना ताई. दीड हजार खाल्ले. मला ते बावळट समजतात. भांडण केलं असतं तर मारामारी झाली असती. म्हणून गेलोच नाही.”

मी कपाळावर हात मारला, कारण चूक माझी होती. अॅप्रेंटिसच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा केंद्र सरकार देतं, पण जास्तीत जास्त १,५००. सात हजाराचे २५ टक्के १,७५० होतात, म्हणून दीड हजारावर थांबतं. पूर्वी कंपनी सगळे पैसे द्यायची आणि मग सरकारकडून परत मागायची. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट पोराच्या खात्यात येतो. म्हणजे कंपनीचे ५,५०० एकदा, सरकारचे १,५०० दुसऱ्यांदा, मागाहून. कंपनीनं एक पैसा खाल्ला नव्हता. हे मला पाठ होतं. त्याला सांगायचं राहून गेलं. बहुधा कारखान्यातल्याही कुणी सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं सांगितलं असेल.

वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. त्यानं दोनदा बेरीज केली. मग पहिला प्रश्न विचारला तो हा: “आता परत कसा जाऊ? काय सांगू?”

खरी अडचण इथं आहे. दीड हजाराचा गैरसमज पाच मिनिटांत गेला. पण दोन दिवस न सांगता घरी राहिलेला पोरगा तिसऱ्या दिवशी गेटवर तोंड घेऊन जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक दिवसागणिक ते गेट जड होत जातं. मोठा माणूस ताप आला होता म्हणून मोकळा होतो. ह्या पोरांना थाप मारायचीसुद्धा सवय नसते, नाहीतर ती सरळ भांडतात. मधलं काही येत नाही.

मग आम्ही देवळामागं बसून तालीम केली. मी सुपरवायझर, तो मीटर. “साहेब, पगार कमी आला असं वाटलं म्हणून आलो नाही. विचारायला पाहिजे होतं. चुकलं.” पहिल्यांदा ‘चुकलं’ हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. तो म्हणाला, दीड हजार त्यांनी नीट सांगायला नको होते का? होतं. पण तुला उद्या गेटच्या आत जायचंय. चौथ्या वेळी जमलं. जेवणाचा डबा दोघांनी मिळून खाल्ला. भेंडी होती, आंबायला लागली होती.

१५ जुलै, मंगळवार

गेला. सुपरवायझर दोन मिनिटं बोलला आणि कामाला लावलं. दोन दिवस कापले. ते बरोबरच आहे.

मी सुपरवायझरला फोन करून एकच विनंती केली: पोरगं आलं नाही तर त्याच दिवशी दहाच्या आत मला कळवा, तिसऱ्या दिवशी नको. तो म्हणाला, कळवतो, पण मला काही हेच काम नाही. माणूस बरा आहे.

३० जुलै, बुधवार

काल पुरवणीचा निकाल. डबा विज्ञानात सुटला, गणितात पुन्हा गेला. एटीकेटीवर अकरावीला जाता येईल म्हटलं, तर म्हणाला, मला अकरावी नको, गॅरेज पाहिजे. गॅरेज त्याच्या मामाचं. एप्रिलपासून जातोय.

गॅरेज बघून आले. मामा कसबी माणूस आहे. डब्याला नुसता पाने पुसायला ठेवलेला नाही, कार्ब्युरेटर उघडून समोर ठेवलाय आणि “आता लाव” म्हणून स्वतः चहाला गेलाय. कुठल्याही वर्गात ह्याला इतकं शिकवलेलं मी पाहिलं नाही. पण पोरगा सतरा वर्षांचा, आणि सकाळी नऊ ते रात्री दहा तिथं. अठराच्या आतल्या मुलाकडून संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम घेता येत नाही, दिवसाला सहा तासांच्या वर नाही, आठवड्याची सुट्टी पाहिजे. कायदा स्पष्ट आहे. मामाही स्पष्ट आहे: “घरचं पोर आहे ताई, घरी बसून मोबाइलच बघणार ना?”

तक्रार करायची का? केली तर गॅरेज सुटेल, मामा सुटेल, आणि डबा रात्री दहापर्यंत दुसरीकडं कुठंतरी राबेल, जिथं शिकवणारं कुणी नसेल. न केली तर मी कशाला आहे? एक दिवस विचार केला. मग मामाशी पुन्हा बोलले. तीनला ये, सातला जा, रविवार सुट्टी, सकाळी गणिताची शिकवणी. मामानं “बघू” म्हटलं. सकाळची शिकवणी आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्यांनी घेतलीये. हे नियमात बसवलंय खरं, पण मी कधीतरी साडेआठला त्या रस्त्यानं जाते आणि शटर अर्धं उघडं दिसतं. आत कोण आहे ते वाकून बघायला मला धीर होत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

जातीचा दाखला अजून आला नाही. ‘वडर’ वर शंका निघाली, पुन्हा कागद मागितले. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या. शेवटी समुपदेशन फेरीत पानाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आयटीआयत वेल्डर मिळाला. एक वर्षाचा ट्रेड. फिटर दोन वर्षांचा. वेल्डरला तर आठवी पास चालतं. पाना म्हणाला, “मग दहावी कशाला केली?” मला उत्तर सुचलं नाही. घे की नको घेऊस, तूच ठरव म्हटलं. दहीहंडीच्या सरावानं खांदे सोलून निघालेत त्याचे. खांदे चोळत म्हणाला, घेतो.

मीटरचे दीड हजार अखेर सापडले. सरकारचा पैसा आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे तिथं जातो, आणि ह्याचं आधार सातवीत शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. ते खातं गावी, पासबुक आजीच्या ट्रंकेत. आजी फोनवर म्हणाली, “माझं निराधारचं आलं असंल.” काढून भाच्याच्या बारशाला दिलेही. मीटर हसत सुटला. आता आधार नव्या खात्याला जोडायचा अर्ज बँकेत दिलाय. पासाचा दुसरा हप्ता त्यानं मागितल्याशिवाय आणून दिला.

९ सप्टेंबर, मंगळवार

सायलेंट गणपतीला गावी गेली ती आली नाही. वय सतरा वर्षं चार महिने. ६८ टक्के, अकरावीला प्रवेश झालेला, पुढं नर्सिंगला जायचं होतं. फोन बंद. शेजारची बाई म्हणाली, “पाहुणे येऊन गेले म्हणतात.” घरी गेले तर आई भाकऱ्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, मामाकडं आहे, बरी आहे. रात्री १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करून कळवलं.

तिच्याबद्दल माझ्या वहीत चार महिन्यांत एकूण अकरा ओळी आहेत. बाकीच्यांची पानंच्या पानं. जे बोलतात, पळतात, भांडतात, त्यांच्याच मागं मी धावले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बालकल्याणवाले गावी जाऊन आले. लग्न झालेलं नाही. मामाकडं आहे, शिवणकामाला जाते. आईवडिलांकडून अठराच्या आत करणार नाही असं लिहून घेतलं. अठरा पूर्ण व्हायला आठ महिने आहेत. दर पंधरा दिवसांनी फोन करायचा, मामाच्या नंबरवर, आणि तिच्याशीच बोलायचं, हे ठरवलं. पहिला फोन झाला. “बरी आहे ताई.” एवढंच. पण फोन ठेवायच्या आधी म्हणाली, “परत करा.”

२८ सप्टेंबर, रविवार

घारी जुलैपासून लक्ष्मी रोडच्या एका कापडाच्या दुकानात बिलिंगला आहे. वडिलांनी दोन अटींवर पाठवलं होतं: सातच्या आत घरी, आणि पगार आईच्या हातात. नवरात्र लागलं आणि सातचे साडेनऊ झाले. वडिलांनी जेवण टाकलं. काम बंद, म्हणाले.

त्यांच्याशी बोलायला गेले तेव्हा मी कायदा काढला नाही, तरी तो मला माहीत होता: दुकानात बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, ठरलेल्या तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दरानं पैसे. बापाला ह्याच्याशी घेणं नव्हतं. त्याला माहीत करून घ्यायचं होतं ते वेगळंच. मी म्हटलं, दादा, एकदा दुकान बघून तरी या.

परवा गेले ते. एकटे, घारीला न सांगता. इस्त्रीचा शर्ट घालून. घारी काउंटरवर, समोर गिऱ्हाइकांची ही गर्दी. तिनं मान वर केली तर बाप रांगेत, हातात एक पंचा. तिला काय करावं कळेना. बाप म्हणाला, “किती झाले?” ती म्हणाली, “एकशे वीस.” त्यांनी पैसे मोजून दिले, बिल घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि निघून गेले. रात्री साडेनऊला दुकानाच्या कोपऱ्यावर सायकल घेऊन उभे. आता रोज उभे राहतात. काम चालू.

बिलावर सगळ्यात खाली बिल करणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. ते बिल त्यांनी टीव्हीच्या मागं खोचून ठेवलंय, असं घारीची आई म्हणाली.

घारीची तक्रार निराळी आहे. गल्ला कमी भरला तर बिलिंगच्या मुलींच्या पगारातून कापतात. ह्यावर बोलायला दिवाळीनंतर मालकाकडं जायचंय. ती म्हणते, आधी मी बोलते.

१२ ऑक्टोबर, रविवार

जातीचा दाखला आला. फिटरच्या प्रवेशाला उशीर झाला, पण पुढच्या वेळी उपयोगी. पानाच्या आईनं त्याचं लॅमिनेशन करून आणलं. आता नक्कल काढायची कशी? पण तिच्या मनातून कॅनॉल गेलेला नाही, आणि त्यावर मी काय बोलणार. स्कॅन करून घेतलं.

पाना आज मला काम दाखवायला घेऊन गेला, वस्तीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये. रविवारी तिथं सराव करतो. त्यानं मला काळी काच दिली आणि स्वतः शील्ड घेतलं. पहिले तीन आठवडे रॉड नुसता चिकटायचा म्हणे, पत्र्यासकट ओढावा लागायचा. एका रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, रात्रभर आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. काचेशिवाय बघितलं होतं गाढवानं. सर ओरडले ते ओरडले.

आता बघितलं. रॉड काडेपेटीच्या काडीसारखा ओढला, ठिणगी पडली आणि आवाज लागला. “हा आवाज ऐका ताई. तेलात भजी टाकल्यासारखा पाहिजे. फटफट झाला की करंट जास्त.” माझ्या काचेतून नुसता एक हिरवा ठिपका सावकाश सरकताना दिसत होता, आणि त्याच्यामागं वितळलेलं लोखंड थिजत जाणारं. संपल्यावर चिपिंगच्या हातोडीनं वरची राखट साल ठोकली. ती सुटून उडाली आणि खाली शिवणीसारखे एकावर एक बारीक चंद्र. अर्ध्यापर्यंत. पुढं वाकडं झालं होतं.

“इथं तुम्ही बोललात,” म्हणाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डबा गणिताच्या शिकवणीला रोज जातो, पण ते अजून डोक्यात बसत नाही. मार्चमध्ये पुन्हा बसेल. सायलेंटचे चार फोन झाले. शेवटच्यात तिनं विचारलं, अकरावीचं नाव शाळेत अजून आहे का. आहे. घारीचे कापलेले ४०० परत मिळाले, पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नाही.

आज सव्वादहाला भोसरीहून फोन. माझ्या पोटात गोळा आला. सुपरवायझर म्हणाला, “तुम्हीच सांगितलं होतं म्हणून कळवतोय, मीटर आज कामावर नाही.” मी चपला घातल्या, रिक्षा बघायला निघाले, चालता चालता फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

“ताई, आईला दवाखान्यात आणलंय, बीपी वाढलंय. मी सकाळी सातलाच साहेबांना मेसेज टाकलाय. त्यांनी बघितला नसेल. दुपारून जातो, हाफ डे सांगितलाय.” मागं कुणीतरी नंबर पुकारत होतं. “तुम्ही कशाला निघालात? ठेवतो, आमचा नंबर आला.”

सुपरवायझरला परत फोन करून मेसेज बघायला सांगितला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, हो, आहे.